बॅटरी नवी, तरी बॅटरीचा लाल दिवा: सायन ते कांजूरमार्ग, एका गाडीचं प्रकरण

गाडी २०१६ सालची, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची हॅचबॅक. ५८ हजार किलोमीटर झालेली आणि पहिल्या दिवसापासून एकाच माणसाने चालवलेली. मालक दादरचे, निवृत्त, सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती फाइलला लावणारे. जुलैतल्या एका रविवारी ते पत्नीला घेऊन ठाण्याला भाच्याच्या मुलीच्या बारशाला निघाले. कांजूरमार्गला, जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) पुलाजवळ, इंजिन बंद पडलं. दुसऱ्या दिवशी भाच्याने गाडी टोचन करून माझ्याकडे आणली.

मी गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतो. बंद पडलेल्या गाड्या रोज बघतो, पण या गाडीबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण तिने चालकाला सगळं वेळेवर सांगितलं होतं. पहिला लाल दिवा लागला तेव्हा बिघाड काही शे रुपयांच्या रबरी बेल्टचा होता. शेवटी इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा वरचा भाग, उतरवावं लागलं. मधल्या तासाभरात काय घडलं, ते मामा, मामी आणि भाचा या तिघांनी सांगितलेलं जुळवून लिहितो आहे.

रस्त्यावर

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. किंग्ज सर्कलच्या पुढे गांधी मार्केटपाशी पाणी साचलं होतं. दादर-सायन रस्त्याने पावसाळ्यात ये-जा करणाऱ्यांना हे ठिकाण वेगळं सांगायला नको. पाणी बंपरच्या खालच्या कडेपर्यंत, आणि शेजारून बस गेली की त्याहून वर. मामांनी पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, मधे न थांबता गाडी पार केली. पाण्यातून गाडी अशीच काढायची असते. नंतर मी एअर फिल्टर काढून पाहिला तर तो कोरडा होता. म्हणजे इंजिनात पाणी शिरलं नव्हतं.

सायन सोडून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागल्यावर एव्हरार्ड नगरच्या आसपास बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. त्याच्या जरा आधी बॉनेटखाली फटकन आवाज झाल्याचं आणि मग खाली काहीतरी घासल्याचं मामींना आठवत होतं. त्यांना वाटलं, खडी उडाली असेल. मामांचा हिशेब साधा होता: बॅटरी मागच्याच महिन्यात नवी बसवली, म्हणजे बॅटरी जाणं शक्य नाही. टर्मिनलला पाणी लागलं असेल, सुकलं की दिवा जाईल.

थोड्याच वेळात मामी म्हणाल्या, "अहो, एसी गार हवा देत नाहीये." काचा आतून धुरकट व्हायला लागल्या होत्या. मामांनी ब्लोअर पूर्ण वाढवला आणि गाडी चालवत राहिले.

अमर महलच्या गर्दीत तापमानाचा लाल दिवा लागला. या गाडीत तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा, प्रमाणाबाहेर तापलं की लाल, आणि मधल्या सगळ्या अवस्थांना काहीच नाही. काटा असता तर तो वर चढताना दिसला असता. इथे 'सगळं ठीक' आणि 'आत्ता थांबा' यांच्यामध्ये दुसरी सूचनाच नव्हती. अनेक छोट्या गाड्यांमध्ये खर्च वाचवायला काटा काढून टाकला आहे. मला हे मुळीच पटत नाही.

मामा छेडा नगर ओलांडून सर्व्हिस रोडला थांबले. हे त्यांनी योग्य केलं. बॉनेट उघडलं. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, प्लॅस्टिकच्या टाकीत पातळी वरच्या खुणेच्याही वर होती. रेडिएटरचा फॅन जोरात फिरत होता. पाणी आहे, फॅन चालू आहे, मग तापायचं कारण काय? शेजारी थांबलेल्या एका रिक्षावाल्यानेही धीर दिला, "काका, जरा थांबा, थंड झाली की जाईल घरापर्यंत."

अर्धा-पाऊण तास ते थांबले. त्या वेळात किल्ली चालूच होती. धोक्याचे चारही इंडिकेटर लागलेले, हेडलाइट चालू, आणि मामी आत बसल्या होत्या म्हणून ब्लोअरही चालू. नंतर इंजिन सुरू केलं. तापमानाचा दिवा विझलेला होता. बॅटरीचा तसाच होता, पण तोवर डोळ्यांना त्याची सवय झाली होती.

घाटकोपरच्या पुढे स्टिअरिंग जड झालं आणि त्याचा पिवळा दिवा लागला. मग एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. मग इंजिनच्या चित्राचा. हेडलाइट मंद, वायपर संथ. विक्रोळीच्या अलीकडे तापमानाचा लाल दिवा पुन्हा लागला. या वेळी मामा थांबले नाहीत. ते मला म्हणाले, "सगळेच दिवे लागले होते हो, त्यातला कुठला खरा मानायचा?" पाऊस, अंधारून आलेलं, शेजारी काळजीत पडलेली पत्नी, बाजूने सुसाट जाणारे ट्रक. हा प्रश्न अगदी खरा आहे, आणि त्याचं उत्तर त्यांना कोणी कधी दिलेलं नव्हतं. पुढच्या किलोमीटरभरात इंजिनातून ठोके ऐकू यायला लागले, ताकद गेली, आणि ते आपोआप बंद पडलं.

भाच्याने फोनवर पहिलंच वाक्य उच्चारलं ते असं: "मामा, आता किल्ली फिरवूच नका."

बेल्ट एक, कामं तीन

माझ्याकडे गाडी आल्यावर निदानाला स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लागला नाही. बॉनेट उघडून इंजिनच्या बाजूला टॉर्च मारला. अल्टरनेटरची पुली मोकळी, वॉटर पंपाची मोकळी, एसी कॉम्प्रेसरची मोकळी. बेल्ट जागेवर नव्हता. त्याचे दोरे सुटलेले तुकडे खालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यात अडकले होते, आणि त्यांच्यासोबत पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीची एक चिंधीही.

या गाडीत क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) पुलीवरून निघणारा एकच चपटा, खाचांचा बेल्ट तीन गोष्टी फिरवतो. अल्टरनेटर वीज तयार करतो. वॉटर पंप कूलंट इंजिनातून रेडिएटरकडे ढकलतो. कॉम्प्रेसर एसी गार करतो. बेल्ट तुटला की तिन्ही एकाच क्षणी थांबतात, पण त्या थांबल्याचं चालकाला वेगवेगळ्या वेळी कळतं. वीज थांबल्याचं त्याच क्षणी कळतं, कारण त्याला दिवा आहे. एसी थांबल्याचं दोन-तीन मिनिटांत कळतं, आणि ते कातडीला कळतं, त्याला दिवा नाही. कूलंट थांबल्याचं मात्र इंजिन तापेपर्यंत कळत नाही. मामा-मामींनी अनुभवलेला क्रम अगदी हाच होता: आवाज, बॅटरीचा दिवा, गरम हवा, तापमानाचा दिवा. या चार गोष्टी या क्रमाने सांगितल्या तर कोणताही जुना मेकॅनिक गाडी न बघता, फोनवरच 'बेल्ट गेला' म्हणेल.

बॅटरीच्या चित्राचा तो दिवा बॅटरीची तब्येत मोजतच नाही. जुन्या पद्धतीच्या जोडणीत हा दिवा इग्निशनची तार आणि अल्टरनेटर यांच्या मधोमध असतो. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना विजेचा सारखाच दाब (व्होल्टेज) येतो आणि दिवा विझतो. अल्टरनेटर थांबला की दाबात फरक पडतो आणि दिवा पेटतो. नव्या गाड्यांत हे काम कंट्रोल युनिट करतं, पण सांगणं तेच: गाडी आता बॅटरीत साठलेल्या विजेवर चालते आहे, नवी वीज येत नाही. दिवा लागला तेव्हा मामांची नवी बॅटरी धडधाकट होती, आणि त्यांना ती वाचवत होती. बॅटरी नवी असल्याचं कारण देऊन त्या दिव्याकडे दुर्लक्ष करणं म्हणजे टाकी मोठी आहे म्हणून नळाला पाणी येत नसल्याचं मनावर न घेणं.

आता छेडा नगरची ती भरलेली टाकी. पंप थांबल्यावर कूलंट इंजिनात जागच्या जागी तापतं, फुगतं, आणि त्याचा काही भाग टाकीत ढकलला जातो. म्हणून पातळी वर दिसली. फॅन विजेचा असल्यामुळे बेल्ट नसतानाही फिरतो. तो रेडिएटरवर वारा घालत होता, पण इंजिनातलं गरम कूलंट रेडिएटरपर्यंत पोहोचतच नव्हतं. लाल दिवा लागलेला आणि रेडिएटरमधून येणारा वारा मात्र जेमतेम कोमट, ही पंप बंद असल्याची चांगली खूण आहे. इंजिन तापलं की केबिनचा हीटर पूर्ण चालू करावा असा एक सल्ला सगळीकडे मिळतो. कूलंट फिरत असेल तर तो उपयोगी आहे, कारण हीटरही एक छोटा रेडिएटरच असतो. पंपच थांबला असेल तर त्याने फारसं काही होत नाही.

स्कॅनरवरचे नऊ कोड

माझ्याकडे येण्याआधी गाडी ज्या ठिकाणी एक रात्र उभी होती, तिथे कोणीतरी स्कॅनर लावला होता. नऊ कोड निघाले. भाच्याला सांगण्यात आलं की पाण्यातून गेल्यामुळे एबीएसचं मोड्यूल आणि स्टिअरिंगचं युनिट दोन्ही गेली आहेत. गाडी गांधी मार्केटच्या पाण्यातून आलेली, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. म्हणूनच ते धोक्याचं होतं.

मी ते कोड एकेक करून वाचले. पी ०५६२ म्हणजे गाडीतल्या विजेचा दाब कमी. पी ०२१७ म्हणजे कूलंट प्रमाणाबाहेर तापलं. उरलेले बहुतेक एबीएस आणि स्टिअरिंगच्या युनिटने नोंदवलेले, आणि त्यांचंही म्हणणं कमी दाबाचंच किंवा दुसऱ्या युनिटशी संपर्क तुटल्याचं. चाकाच्या सेन्सरचा किंवा स्टिअरिंगच्या मोटरचा, म्हणजे एखादा भागच निकामी झाल्याचा, एकही कोड त्यात नव्हता.

पूर्ण चार्ज झालेली, न वापरता ठेवलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना, अल्टरनेटर काम करत असेल तर, साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. या गाडीची बॅटरी माझ्याकडे आली तेव्हा ११.३ वर होती. विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगला गाडी सावकाश वळवताना बराच करंट लागतो. दाब पडला की ते युनिट स्वतःहून मदत कमी करतं आणि पिवळा दिवा लावतं. एबीएसही तेच करतं. त्या युनिटांनी दिवा लावला तो स्वतः बिघडल्यामुळे नाही, त्यांना वीज पुरेनाशी झाली म्हणून. साचलेल्या पाण्यातून गेल्यानंतर एकदम चार-पाच दिवे लागले तर आधी मल्टिमीटरने दाब मोजा आणि मगच स्कॅनर उघडा, असं मी माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो.

बॅटरी रात्रभर चार्ज केली, नवा बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बसवला, कूलंट भरलं, कोड पुसले आणि इंजिन जेमतेम काही मिनिटं चालवलं. १४.२ व्होल्ट. सगळे पिवळे दिवे गेले. नऊपैकी एकही कोड परत आला नाही.

पण कूलंटमध्ये बुडबुडे येत होते.

म्हणजे सिलिंडरमधला वायू त्यात शिरत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) कमी निघालं. दोन सिलिंडरच्या मधे हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सांधा बंद ठेवणारी पातळ चकती, जळालं होतं. इंजिनचं काम करणाऱ्या माझ्या मित्राने हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली आणि फीलर गेजने फट मोजली. अशा छोट्या इंजिनांत साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा वाक चालतो. इथे तो ०.१२ होता. ॲल्युमिनियमचं हेड असं वाकतं तेव्हा बाहेरून काहीही दिसत नाही. फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून, नवं गॅस्केट घालून हेड परत बसवलं. माझ्या अंदाजाने हे नुकसान अमर महलला झालं नाही. तिथे मामा लवकर थांबले होते. ते झालं विक्रोळीपासून पुढच्या किलोमीटरमध्ये.

महिन्याभरापूर्वीची बॅटरी

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते या भागाने. जूनमध्ये सकाळी गाडी सुरू करताना स्टार्टर ओढत होता. मामा बॅटरीच्या दुकानात गेले, दुकानदाराने जुनी परत घेऊन नवी बसवून दिली. चार्जिंगचा दाब मोजला का, असं मी विचारलं, तर तसं काही झाल्याचं मामांना आठवत नव्हतं. मी पुढे विचारलं, सकाळी इंजिन सुरू झाल्यावर चिरचिर आवाज यायचा का? यायचा, पावसाळी सकाळी जास्त, आणि मिनिटभरात जायचा. बॅटरीचा दिवा सुरू केल्याबरोबर विझायचा का? नाही, अलीकडे दोन-तीन सेकंद रेंगाळायचा.

बेल्ट घसरत होता. टेन्शनरची पुली हातात घेऊन फिरवली की बेअरिंगची खरखर स्पष्ट जाणवत होती, आणि बेल्टच्या उरलेल्या तुकड्यांवर खाचांच्या आडव्या भेगा होत्या. घसरणाऱ्या बेल्टवर अल्टरनेटर पूर्ण वेगाने फिरत नाही, बॅटरी कायम अर्धपोटी राहते, आणि शेवटी दोष बॅटरीवर येतो. जुनी बॅटरी याच कारणाने लवकर गेली असावी, असं मला वाटतं. मग गांधी मार्केटच्या पाण्याने आणि त्या पिशवीच्या चिंधीने आधीच थकलेल्या बेल्टचा शेवट केला. बॅटरी बदलताना इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, दाब मोजायला दोन मिनिटंही लागत नाहीत. हे प्रत्येक गिऱ्हाइकाने मागून करून घ्यावं.

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे बहुतेक दिवे एकदम लागतात ते दिवे शाबूत आहेत का हे तपासण्यासाठी. इंजिन सुरू झालं की ते विझायला हवेत. रोज सकाळी त्या क्षणी लक्ष दिलं तर रेंगाळणारा दिवा पकडता येतो. आणि एखादा दिवा त्या वेळी लागलाच नाही, तर तोही बिघाडच आहे, कारण गरज पडेल तेव्हाही तो लागणार नाही.

एव्हरार्ड नगरला काय करता आलं असतं

लाल म्हणजे सुरक्षित जागा दिसताच थांबा. पिवळा म्हणजे सावकाश चालवत लवकर दाखवा. हिरवा आणि निळा म्हणजे नुसती माहिती. रंगांचा हा अर्थ जवळपास सगळ्या गाड्यांत सारखा आहे, आणि चित्रांसाठीही आयएसओ २५७५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मामांच्या प्रश्नाचं उत्तर यातच होतं: सगळे दिवे लागले असतील तर लाल खरे मानायचे, आणि लालमध्ये जो आधी लागला त्यापासून सुरुवात करायची. पिवळे बहुतेक वेळा त्याच्या मागून आलेले असतात.

हायवेवर डाव्या कडेला सगळीकडे जागा नसते हे खरं. पण एव्हरार्ड नगरला सर्व्हिस रोड मिळतो. तिथे शिरायचं, इंजिन बंद करायचं, किल्ली काढायची, मागे लाल त्रिकोण ठेवायचा. मग बॉनेट उघडून फक्त एक गोष्ट बघायची: बेल्ट आहे का? हात आत घालायचा नाही, कारण विजेचा फॅन इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो. गरम रेडिएटरचं झाकण तर कोणत्याही परिस्थितीत उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या पुढे गेलेलं असतं, झाकण फिरवताच ते उकळून अंगावर येतं.

बेल्ट जागेवर असेल आणि घट्ट असेल, तर बहुधा फक्त अल्टरनेटर गेला आहे. अशा वेळी एसी आणि ब्लोअर बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. संध्याकाळच्या पावसात हेडलाइट आणि वायपर बंद करता येत नाहीत, तेव्हा हे अंतर फार धरू नये. बेल्ट नसेल, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल, तर एक किलोमीटरही जायचं नाही. टोचन बोलवायचं. तेलाच्या किटलीच्या लाल दिव्यालाही हाच नियम. तो तेलाची पातळी सांगत नाही, तेलाचा दाब गेल्याचं सांगतो, आणि दाबाशिवाय इंजिन काही मिनिटांतही जाम होऊ शकतं.

विम्याचं थोडक्यात. मामांचा क्लेम मंजूर झाला नाही. भारतातल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड धरत नाहीत, आणि गाडी बंद पडल्यावर दुरुस्तीआधी ती चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जबाबदारीवर, अशी अटही त्यात असते. इंजिन प्रोटेक्ट हे जादा विमा कवच घेतलं असतं तरी ते मुख्यतः पाणी शिरून किंवा तेल गळून झालेल्या नुकसानीसाठी असतं, आणि इथे फिल्टर कोरडा होता.

सगळ्याच गाड्यांत वॉटर पंप या बेल्टवर नसतो. काहींत तो इंजिनचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या, आतल्या टायमिंग बेल्टवर असतो. तिथे बाहेरचा बेल्ट तुटला तरी इंजिन लगेच तापत नाही. काही हायब्रिडमध्ये पंप विजेवर चालतो. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाड्यांत स्टिअरिंगचा पंपही याच बेल्टवर असू शकतो, आणि मग बॅटरीच्या दिव्याबरोबर स्टिअरिंग त्याच क्षणी जड होतं. आपल्या गाडीत काय आहे ते पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला बॉनेट उघडून दाखवायला सांगा, आणि मॅन्युअलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.